वातायन ते विमानखिडकी : आकाशातून भूदर्शनाचा इतिहास आणि आसननिवडीचा विचार

प्रास्ताविक

एस.टी.च्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा प्रवासी आणि विमानाचे तिकीट काढताना संगणकाच्या पडद्यावर आसनक्रमांक निवडणारा प्रवासी, या दोघांची इच्छा मुळात एकच असते. प्रवासाचा वेळ केवळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचण्यात न जाता त्यातून काही पाहायला मिळावे, ही ती इच्छा होय. विमानप्रवासाच्या संदर्भात हा विषय बहुधा प्रवासी-मार्गदर्शिकांपुरता मर्यादित मानला जातो. कोणत्या बाजूला बसावे, पंखाच्या पुढे की मागे, सकाळी की सायंकाळी, एवढ्यावरच चर्चा थांबते. तथापि या साध्या प्रश्नामागे तंत्रज्ञानाचा, कायद्याचा, अर्थव्यवहाराचा आणि मानवी जिज्ञासेचा मोठा इतिहास उभा आहे.

प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. आकाशातून भूमी पाहण्याची कल्पना आणि तिचा प्रत्यक्ष अनुभव कसा घडत गेला? विमानाची खिडकी आज जशी आहे तशी ती का झाली? आणि या दृश्यावर अधिकार कोणाचा व त्याची किंमत कोण मोजतो? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे हाती आल्यावर आसननिवडीच्या व्यावहारिक तत्त्वांकडे वळणे उचित ठरेल.

साहित्यातील आकाशदर्शन

प्रत्यक्ष उड्डाणापूर्वी कित्येक शतके भारतीय कवीने उड्डाणातून दिसणाऱ्या भूमीची कल्पना केली होती. वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडात पुष्पक विमानातून अयोध्येस परतताना राम सीतेला खालची स्थळे दाखवितो. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या तेराव्या सर्गात हाच प्रसंग विस्ताराने रंगविला आहे. सेतूने दुभंगलेला समुद्र, जनस्थान, पंपासरोवर, गोदावरी, पंचवटी, चित्रकूट, गंगा-यमुनेचा संगम आणि अखेर शरयू, असा हा क्रम आहे. यातील पंचवटी व गोदावरी महाराष्ट्राच्या वाचकास विशेष जवळची वाटावी.

या सर्गाकडे विमानदर्शनाच्या दृष्टीने पाहिले असता कवीच्या निरीक्षणशक्तीचे आश्चर्य वाटते. समुद्र मागे पडत असताना किनाऱ्यावरील वनभूमी जणू त्यातून वर निघत आहे, असा भास तो वर्णितो. म्हणजेच सापेक्ष गतीचे भान त्याला आहे. चित्रकूटाजवळची मंदाकिनी अंतरामुळे भूमीच्या गळ्यातील मौक्तिकमालेसारखी बारीक दिसते असे तो म्हणतो; म्हणजेच उंचीमुळे होणारा आकारसंकोच त्याने ओळखला आहे. विमान कधी देवांच्या, कधी मेघांच्या, तर कधी पक्ष्यांच्या मार्गाने जाते. म्हणजेच पाहणाऱ्याच्या इच्छेनुसार उंची बदलण्याची कल्पनाही तेथे आहे. सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे या विमानाला वातायन, अर्थात खिडकी, आहे. कुतूहलाने सीता त्यातून हात बाहेर काढते आणि मेघ विजेचे कंकण तिच्या हाती घालतो.

‘मेघदूता’त तर मार्गनिवडीचाच विचार आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ज्या रामटेकशी रामगिरीची एकरूपता प्रतिपादिली, तेथून अलकेकडे निघालेल्या मेघाला यक्ष सांगतो की, वाट वाकडी झाली तरी उज्जयिनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. दृश्यासाठी मार्ग बदलण्याचा हा सल्ला काव्यात रमणीय आहे. प्रत्यक्ष विमानवाहतुकीत त्याचे काय परिणाम झाले, हे पुढे पाहावयाचे आहे. ही वर्णने प्राचीन विमानविद्येचा पुरावा नव्हेत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. ती कविप्रतिभेचा पुरावा आहेत, आणि तेवढे त्यांचे मोल पुरेसे आहे.

रेल्वेची खिडकी : एक पूर्वपीठिका

खिडकीतून धावती भूमी पाहण्याची सवय जगाला प्रथम रेल्वेने लावली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली आणि १८६३ मध्ये भोर घाटातील मार्ग खुला झाला. बोगद्याचा अंधार आणि त्यामागोमाग अकस्मात उघडणारी दरी, हा अनुभव त्यापूर्वी कोणत्याही बैलगाडीने वा पालखीने दिला नव्हता.

जर्मन अभ्यासक वोल्फगांग शिव्हेलबुश यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेल्वेप्रवासाविषयीच्या ग्रंथात या बदलाची मीमांसा केली आहे. त्यांच्या मते गाडीच्या वेगामुळे जवळचे दृश्य पुसट होते, दृष्टी आपोआप दूरवर जाते आणि प्रवासी ज्या भूमीतून जात असतो तिच्यापासून अलग होऊन तिच्याकडे एखाद्या सरकत्या चित्रपटाप्रमाणे पाहू लागतो. विमानाने हा अलगपणा पूर्णत्वास नेला. येथे जवळचे दृश्य उरतच नाही. जे दिसते ते सर्व दूरचेच असते. तथापि ही स्थिती एकाएकी आली नाही; तिच्यामागे सुमारे अर्धशतकाचा कालखंड आहे.

उघडे आसन आणि मंद उड्डाण

१७८३ मध्ये पॅरिसवरून मानवाने बलूनमधून पहिले मुक्त उड्डाण केले आणि १८५८ मध्ये नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने बलूनमधून पहिले आकाशचित्र टिपले. भारतात १८ फेब्रुवारी १९११ रोजी हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडील नैनी येथे टपाल नेले. त्याच्यापुढे खिडकी नव्हतीच. चहूबाजूंनी उघडे आकाश आणि खाली नदी होती. प्रवासी-आसन अस्तित्वात येण्यापूर्वीचा हा काळ दृश्याच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध, तर सुरक्षिततेच्या दृष्टीने सर्वांत दरिद्री होता.

३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा सुरू झाली. या प्रवासास सुमारे एक आठवडा लागे आणि त्यातील काही टप्पे रेल्वेने पार करावे लागत. पुढील दशकात या मार्गावर आलेली द्विपंखी विमाने ताशी सुमारे १६० किलोमीटर वेगाने व कमी उंचीवरून जात. १९३६ नंतर आलेल्या शॉर्ट कंपनीच्या जलविमानांत तर प्रवाशांना उभे राहून खिडकीच्या कठड्यावर हात टेकून खाली पाहता यावे, यासाठी स्वतंत्र कक्ष ठेवलेला होता. राजस्थानातील राजसमंद तलावावर ही विमाने उतरत. त्या काळी दृश्य हा प्रवासभाड्याचाच एक भाग समजला जाई. अर्थात ते भाडे परवडणारे प्रवासी मूठभर होते. अधिकारी, व्यापारी आणि संस्थानिक यांपलीकडे या खिडक्या कोणाच्या वाट्याला फारशा आल्या नाहीत.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले. भारतीय विमानसेवेचा हा आरंभ होय.

या काळातील सर्वांत बोधप्रद उड्डाण मात्र ३ एप्रिल १९३३ चे आहे. लेडी ह्यूस्टन यांच्या अर्थसाहाय्याने बिहारमधील पूर्णियाजवळच्या लालबालू येथील धावपट्टीवरून दोन वेस्टलँड विमाने निघाली आणि मानवाने प्रथमच एव्हरेस्टच्या शिखरावरून उड्डाण केले. क्लाइड्सडेल व मॅकिन्टायर हे वैमानिक होते, तर ब्लॅकर व बॉनेट हे निरीक्षक व छायाचित्रकार म्हणून मागील आसनांवर होते. बॉनेट यांची प्राणवायूची नळी तडकली. तिला हातरुमाल बांधून ते काही काळ बेशुद्ध पडले. मैदानी प्रदेशावरील धुळीच्या थरामुळे नकाशासाठी हवी असलेली सलग छायाचित्रे त्या दिवशी साधली नाहीत. म्हणून १९ एप्रिल रोजी पुन्हा उड्डाण करावे लागले. या मोहिमेवर आधारित लघुपटाला पुढे ऑस्कर पारितोषिक मिळाले. आसन उत्तम, मार्ग उत्तम, तरीही ऋतू प्रतिकूल असेल तर दृश्य हाती लागत नाही, हा या मोहिमेचा धडा होय. पावसाळ्याने हवा धुऊन निघाल्यावरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने हिमालयदर्शनास का अनुकूल असतात, याचे उत्तर एप्रिलमधील त्या धुळीत सापडते.

हवादाबाचे बंधन आणि खिडकीचे आकुंचन

विमान जसजसे उंच जाऊ लागले तसतशी हवा विरळ होत गेली व प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून कक्षातील हवेचा दाब कृत्रिमरीत्या राखणे भाग पडले. १९४० मध्ये सेवेत आलेले बोइंग स्ट्रॅटोलायनर हे अशा प्रकारचे पहिले प्रवासी विमान होय. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलची मुंबई-लंडन सेवा ज्या ‘मलबार प्रिन्सेस’ने सुरू केली, ते कॉन्स्टेलेशन जातीचे विमानही दाबनियंत्रित होते.

येथून खिडकीचे स्वरूप पालटले. आत दाब अधिक व बाहेर कमी असल्यामुळे विमानाचे धड फुगविलेल्या फुग्यासारखे ताणलेले असते. त्यात पाडलेले प्रत्येक छिद्र ताण एकवटण्याची जागा ठरते. सुमारे २३ बाय ३३ सेंटिमीटरच्या खिडकीवर उंचावर असताना साधारण ४०० किलोग्रॅम वजनाइतका भार बाहेरच्या दिशेने पडत असतो. म्हणून खिडकी लहान व कडा गोलाकार असणे हितावह ठरते. आजच्या खिडकीत ॲक्रिलिकचे सामान्यतः तीन थर असतात. बाहेरचा थर भार पेलतो, मधला थर आपत्तीत त्याची जागा घेतो आणि आतला थर केवळ प्रवाशाच्या हातापासून उरलेल्या दोहोंचे रक्षण करतो. मधल्या थरातील बारीक छिद्र दोन्ही बाजूंचा दाब समतोल राखते व काचेवर धुके साचू देत नाही.

या संदर्भात डी हॅविलंड कॉमेटचे उदाहरण नेहमी दिले जाते. २ मे १९५२ रोजी या जगातील पहिल्या जेट प्रवासी विमानाने सेवा सुरू केली. १० जानेवारी व ८ एप्रिल १९५४ रोजी दोन कॉमेट विमाने भूमध्य समुद्रावर उंचीवर असताना फुटली. फार्नबरो येथे पाण्याच्या टाकीत एका विमानाचे धड वारंवार दाबाखाली आणून परीक्षा केली असता धातूचा थकवा हे कारण निष्पन्न झाले. चौकोनी खिडक्यांमुळे कॉमेट कोसळले, असे विधान अनेक पाठ्यपुस्तकांत आढळते. ते अर्धसत्य आहे. कॉमेटच्या प्रवासी खिडक्यांचे कोपरे गोलाकारच होते. टाकीतील चाचणीत भेग संकटकालीन दाराच्या खिडकीच्या कोपऱ्यापाशी सुरू झाली, तर एल्बा बेटाजवळ पडलेल्या विमानाच्या अवशेषांत ती छतावरील दिशादर्शक यंत्राच्या आकाशकासाठी ठेवलेल्या झरोक्यापाशी आढळली. म्हणजे दोष केवळ आकाराचा नव्हता, तर छिद्राभोवतीचा ताण किती व तो किती वेळा सोसावा लागेल, याच्या अंदाजाचा होता. नंतरच्या आराखड्यांनी हा बोध घेतला.

तरीही सुरक्षित खिडकी लहानच असली पाहिजे, असा नियम नव्हता. कॉमेटच्या समकालीन व्हायकाउंट विमानाला सुमारे ६६ बाय ४८ सेंटिमीटरच्या लंबवर्तुळाकार खिडक्या होत्या. १९५७ मध्ये हे विमान इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात आले. १९६१ पासून आलेल्या फोकर फ्रेंडशिपचा पंख कक्षाच्या वर असल्यामुळे खाली पाहताना त्याची आडकाठी होत नसे. पुढे जेट विमानांच्या काळात उंची १० किलोमीटरच्या आसपास स्थिरावली आणि खिडकी पुन्हा आक्रसली. २०११ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७८७ ने संमिश्र पदार्थांच्या धडामुळे मोठी खिडकी परत आणली. मात्र झडपेची जागा विजेवर गडद होणाऱ्या काचेने घेतली आणि तिचे अंतिम नियंत्रण विमानसेवकांच्या हाती गेले.

उंचीचा परिणाम केवळ खिडकीवर झाला नाही, दृश्यावरही झाला. १ किलोमीटर उंचीवरून क्षितिज सुमारे ११३ किलोमीटरवर असते, तर १० किलोमीटर उंचीवरून ते सुमारे ३५७ किलोमीटरवर जाते. पहिल्या उंचीवरून बैलगाडी, विहीर, शेताचा बांध दिसतो. दुसऱ्या उंचीवरून नदीचे खोरे, पर्वताची रांग, लाव्हाच्या थरांच्या पायऱ्या दिसतात. पहिल्या दृश्यात समाज दिसतो, दुसऱ्यात भूगोल दिसतो. क्षितिज वाढते तसा तपशील घटतो, आणि प्रवाशाने कशाच्या बदल्यात काय मिळविले, याचा हिशेब क्वचितच केला जातो.

दृश्यासाठी मोजलेली किंमत

यक्षाने मेघाला दिलेला वाकड्या वाटेचा सल्ला विमानांनी ऐकला तेव्हा काय घडले, याच्या तीन नोंदी इतिहासात आहेत.

३० जून १९५६ रोजी अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन १२८ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही विमाने नियंत्रणाबाहेरील हवाई क्षेत्रात होती. वैमानिकांनी एकमेकांना का पाहिले नाही, याच्या संभाव्य कारणांमध्ये चौकशी अहवालाने प्रवाशांना निसर्गदृश्य अधिक चांगले दाखविण्याच्या प्रयत्नाचाही उल्लेख केला. या दुर्घटनेने अमेरिकेत हवाई वाहतूक नियंत्रणाच्या पुनर्रचनेस चालना मिळाली व १९५८ चा संघीय विमानवाहतूक कायदा झाला.

५ मार्च १९६६ रोजी टोकियोहून हाँगकाँगकडे निघालेले बोइंग ७०७ विमान फुजी पर्वताजवळून जात असता प्रचंड हवेच्या झोतात सापडून तुटले. १२४ जणांचा अंत झाला. आकाश निरभ्र होते व पर्वत स्वच्छ दिसत होता. पर्वताला वळसा घालून येणाऱ्या वाऱ्याच्या लाटा मात्र अदृश्य होत्या. अवशेषांत सापडलेल्या एका प्रवाशाच्या चित्रपट-कॅमेऱ्यातील फीत पुढे तपासास उपयोगी पडली.

२८ नोव्हेंबर १९७९ रोजी एअर न्यूझीलंडचे अंटार्क्टिकादर्शनासाठी निघालेले डीसी-१० विमान एरेबस पर्वतावर आदळून २५७ जण दगावले. येथे प्रवासाचे प्रयोजनच दृश्य हे होते. पहिल्या चौकशीने वैमानिकांवर ठपका ठेवला. न्यायमूर्ती पीटर माहन यांच्या आयोगाने १९८१ मध्ये, मार्गाचे निर्देशांक वैमानिकांना न कळविता बदलण्यात आले होते, ही बाब मुख्य मानली. पांढरे आकाश व पांढरा उतार यांत भेद करणे अशक्य झाले होते.

या तीन घटना एकत्र पाहिल्या असता एक सूत्र दिसते. दृश्य पाहण्याची इच्छा अपराध नव्हे. परंतु मार्ग, उंची व वेग यांचा निर्णय त्या इच्छेच्या अधीन झाला की धोका उद्भवतो. म्हणूनच आज प्रवाशाने मार्गाकडून नव्हे, आसनाकडून अपेक्षा ठेवावयाची असते. विमान आपल्या वाटेने जाईल. आपण योग्य बाजूला बसावे. आसननिवड हा त्या अर्थाने सुरक्षित युगातील उरलेला एकमेव पर्याय आहे.

अंटार्क्टिकादर्शनाची उड्डाणे ऑस्ट्रेलियातून १९९४ पासून पुन्हा सुरू झाली. त्यांत प्रवासाच्या मध्यावर प्रवाशांना जागा बदलण्यास सांगितले जाते, जेणेकरून खिडकीचा लाभ अधिकांना मिळावा. दृश्य ही वाटून घेण्याची वस्तू आहे, हे मान्य करणारी ही व्यवस्था लहान असली तरी अर्थपूर्ण आहे.

कायदा आणि झडप

आकाशातून पाहणे म्हणजे केवळ सौंदर्यास्वाद नव्हे; ते टेहळणीचेही साधन आहे. पहिल्या महायुद्धात आकाशचित्रणाने हे सिद्ध केले. १९३७ च्या भारतीय विमान नियमावलीतील १३ व्या नियमाने उड्डाणातील विमानातून परवानगीविना छायाचित्रे घेण्यास मनाई केली. वसाहतकाळातील ही मनाई स्वातंत्र्यानंतरही टिकली. ९ डिसेंबर २००४ च्या परिपत्रकाने सामान्य प्रवाशास काही अटींवर छायाचित्रणाची मुभा दिली.

२०२५ च्या मे महिन्यात सीमेवरील तणावाच्या पार्श्वभूमीवर पश्चिम सीमेलगतच्या संरक्षण दलांच्या विमानतळांवर उड्डाण व अवतरणाच्या वेळी, १० हजार फुटांखाली, संकटकालीन दाराजवळच्या खिडक्या वगळता झडपा बंद ठेवण्याचा आदेश देण्यात आला होता. एरवी सुरक्षिततेसाठी नेमक्या याच वेळी झडपा उघड्या ठेवण्याची प्रथा आहे, कारण बाहेर आग वा अडथळा असल्यास तो दिसावा. एकाच झडपेविषयी दोन प्रकारच्या सुरक्षिततेने परस्परविरुद्ध मागण्या कराव्यात, यातच या प्रश्नाची गुंतागुंत दिसून येते.

आसनाचे मूल्य

१९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर भारतात दीर्घकाळ खिडकीची जागा ही विमानतळावर लवकर पोहोचण्यावर किंवा खिडकीपाशी बसलेल्या कर्मचाऱ्याच्या सौजन्यावर अवलंबून होती. २००३ मध्ये सुरू झालेल्या एअर डेक्कनने तर आसनक्रमांकच दिले नाहीत. जो आधी चढेल त्याला हवी ती जागा. एस.टी.च्या रुमालाचा न्यायच तेथे अवतरला म्हणावयास हरकत नाही. २०१३ मध्ये नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने पसंतीच्या आसनासह काही सेवांचे स्वतंत्र मूल्य आकारण्यास विमानकंपन्यांना अनुमती दिली. तेव्हापासून खिडकी ही तिकिटाच्या किमतीत अंतर्भूत बाब न राहता विकत घेण्याची वस्तू झाली.

येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे. जो प्रवासी वारंवार उड्डाण करतो तो बहुधा मार्गिकेची जागा पसंत करतो वा खिडकी घेऊन झडप बंद करतो व हातातील पडद्याकडे पाहतो. जो आयुष्यात प्रथमच विमानात बसतो, ज्याला खालचे गाव, नदी, धरण ओळखण्याची उत्कंठा असते, त्याला आसननिवडीचे तंत्र ठाऊक नसते व अधिक पैसे देण्याची तयारीही नसते. परिणामी पाहू इच्छिणारा मध्ये बसतो आणि न पाहणारा खिडकीशी. प्रादेशिक जोडणीच्या ‘उडान’ योजनेखाली २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला-दिल्ली मार्गावर पहिले विमान उडाले. या योजनेत वापरली जाणारी एटीआर विमाने उच्चपंखी असून तुलनेने कमी उंचीवरून जातात. फोकर फ्रेंडशिपच्या काळातील विस्तृत भूदर्शन लहान शहरांतील नव्या प्रवाशास त्यामुळे पुन्हा लाभू शकते, ही समाधानाची बाब आहे.

आसननिवडीची तत्त्वे

वरील विवेचनावरून काही तत्त्वे निष्पन्न होतात. पहिले तत्त्व दिशेचे. मार्गाची सरळ रेषा नकाशावर आखावी आणि इष्ट स्थळ तिच्या कोणत्या बाजूस येते ते पाहावे. दिल्लीहून बागडोगरा वा गुवाहाटीकडे जाताना हिमालय उत्तरेस, म्हणजे डावीकडे असतो. परतताना तो उजवीकडे येतो. दुसरे तत्त्व सूर्याचे. सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी असावा. आपल्या अक्षांशावर वर्षाचा बराच काळ सूर्य दक्षिणेकडून तळपत असल्यामुळे उत्तराभिमुख खिडकी बहुधा सुखावह ठरते. तिसरे तत्त्व पंखाचे. ज्यांचा पंख कक्षाच्या खाली असतो त्या विमानांत पंखाच्या बऱ्याच पुढील रांगा उत्तम. मागील रांगांत इंजिनाच्या उष्ण झोतामुळे दृश्य थरथरते. चौथे तत्त्व खिडकीच्या जुळणीचे. खिडक्यांमधील अंतर धडाच्या सांगाड्यावर, तर आसनांमधील अंतर कंपनीच्या अर्थकारणावर ठरते. त्यामुळे काही आसनांच्या वाट्याला खिडकीऐवजी भिंत येते.

ही तत्त्वे महाराष्ट्रातील दोन मार्गांना लावून पाहता येतील. मुंबई-गोवा (दाबोळी) ही सरळ रेषा किनाऱ्यालगत, किंचित आतून जाते. जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चारही जलदुर्ग तिच्या पश्चिमेस, म्हणजे जाताना उजवीकडे, साधारण १२ ते २१ किलोमीटरवर येतात. सह्याद्रीची रांग डावीकडे राहते. सकाळच्या विमानात सूर्य पूर्वेस असल्यामुळे उजव्या खिडकीतून किनारा उजळलेला दिसतो, तर डावीकडील सह्याद्री छायेत राहतो. दुपारनंतर मावळतीकडील ऊन सह्याद्रीच्या पश्चिम कड्यांवर पडते तेव्हा डावी खिडकी श्रेयस्कर. म्हणजे एकाच मार्गावर इतिहास पाहावयाचा की भूरचना, यावर वेळ व बाजू दोन्ही अवलंबून आहेत.

मुंबई-नागपूर मार्गावर लोणारचे सरोवर सरळ रेषेच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर येते. नागपूरकडे जाताना ते उजवीकडे दिसावयास हवे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर तेवढ्या अंतरावरून पूर्णचंद्राच्या साधारण सहापट रुंद भासेल, मात्र तिरक्या दृष्टीमुळे लंबवर्तुळाकार. हवामान व वाहतूक नियंत्रण यांमुळे प्रत्यक्ष मार्ग बदलू शकतो, हे गृहीत धरूनच हा अंदाज करावा. मुंबईस पूर्वेकडून उतरताना उजवीकडे पवई व विहार तलाव आणि बोरीवलीचे वनक्षेत्र, तर डावीकडे तुर्भे-माहुलचे कारखाने व बंदर दिसते. आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून, धावपट्टीच्या अगदी जवळ, पत्र्यांच्या छपरांची दाटी दिसते. उत्तम दृश्याच्या कोणत्याही यादीत हे शेवटचे दृश्य नसते. परंतु १० किलोमीटर उंचीवर केवळ भूगोल पाहणाऱ्या प्रवाशास येथे अखेरच्या काही क्षणांत समाज दिसतो, म्हणून ते टाळू नये.

समारोप

पुष्पकाच्या वातायनातून सीतेने हात बाहेर काढला; आजच्या खिडकीला तीन थर आहेत. या दोहोंमधील अंतर हा केवळ कल्पना व वास्तव यांतील फरक नव्हे, तर सुरक्षिततेसाठी मानवाने स्वीकारलेल्या मर्यादांचा आलेख आहे. कॉमेट, ग्रँड कॅन्यन, फुजी आणि एरेबस येथे गमावलेल्या जीवांनी ही खिडकी लहान, मार्ग निश्चित आणि प्रवास निर्धोक केला. त्या मर्यादेत राहून जे दिसते ते पाहणे, हे त्या इतिहासाचे ऋण ओळखण्यासारखेच आहे.

भूगोल, भूशास्त्र व इतिहास या विषयांच्या अध्यापकांना या दृष्टीने एक सूचना करावीशी वाटते. विमानप्रवासास निघणाऱ्या विद्यार्थ्यास प्रवासापूर्वी नकाशावर रेषा आखून कोणती नदी, कोणता दुर्ग, कोणते धरण कोणत्या बाजूस येईल, हे टिपण्यास सांगावे. असा अभ्यास अल्पखर्चाचा आहे व तो वर्गातील नकाशाला जिवंत करतो. आणि ज्याला खिडकी मिळाली आहे पण पाहावयाचे नाही, त्याने शेजारी प्रथमच विमानात बसलेला असेल तर ती जागा त्याला द्यावी. रामाने पुष्पकातून जे पाहिले ते स्वतःपुरते ठेवले नाही. बोट दाखवून सीतेला दाखविले. आकाशातून पाहण्याच्या आपल्या परंपरेत दाखविणे हे पाहण्याइतकेच महत्त्वाचे मानले गेले आहे.